राणी दिसत नाही म्हणजे राणी नाहीच असं नसतं, आधी दारावरचं गेट काढा

या वेळचं पत्र जावळी तालुक्यातल्या एका नव्या मधपाळ दादांचं आहे. पत्र मोठं होतं, थोडं कमी करून देते.

"ताई नमस्कार. गेल्या वर्षी महाबळेश्वरला मधमाशीपालनाचं ट्रेनिंग घेतलं आणि सातेरीच्या (आपली देशी मधमाशी) दोन पेट्या सुरू केल्या. एक पेटी जोरात आहे. दुसरीत मला राणीच सापडत नाहीये. घटस्थापनेला बघितलं तेव्हा एका पोळ्याच्या खालच्या कडेला एक बंद राणीकोष (नवीन राणी ज्यात वाढते ते मोठं लांबट घर) होता, मी हात लावला नाही. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी उघडली तर कोष रिकामा, टोकाला उघडा. अंडी नाहीत, अळ्या नाहीत, थोडा बंद पिलावा (झाकण लावलेल्या घरांतली वाढती पिल्लं) आहे फक्त. त्यानंतर रोज पेटी उघडून राणी शोधतोय, एकेक फ्रेम दोन्ही बाजूंनी बघतो, नाही सापडत. माश्या पराग आणतायत पण कमी. झाकण काढलं की मोठा आवाज करतात. दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या काळ्या माश्या मरून पडल्यात, हा रोग आहे का? पावसाळ्यात पळून जाऊ नयेत म्हणून ऑगस्टमध्ये माझ्याच मनाने क्वीन गेट लावलं होतं ते अजून तसंच आहे. शेजारचे काका म्हणतात राणी मेली, दोन्ही पेट्या एक कर. ग्रुपवर एकजण म्हणतो राणी ऑनलाईन मिळते, मागव. मला काहीच सुचत नाहीये, पेटी जाईल अशी भीती वाटते. काय करू?"

दादा, पत्र वाचताना मी क्वीन गेटच्या ओळीवर थांबले, कारण तुमच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्या एका ओळीत आहे. हे वाचून झालं की पहिलं काम, ते गेट काढा. उद्या नको, आजच काढा. संध्याकाळ झाली असली तरी काढा, त्यासाठी पेटी उघडायची गरज नाही, दारासमोर न थांबता बाजूला उभं राहून हळूच ओढून घ्या.

का ते सांगते. क्वीन गेटची फट एवढीच असते की कामकरी माशी जाते-येते आणि राणी अडकते. नवीन पकडलेली वसाहत पेटीत भरली की ती पळून जाऊ नये म्हणून पहिले काही दिवस गेट लावतात, तिथे ते बरोबरच आहे. पण तुमच्या पेटीत मधल्या काळात राणी बदलली. कोषातून जी नवीन राणी बाहेर आली ती कुमारी आहे, तिला अंडी घालायच्या आधी एकदा तरी पेटीबाहेर उडून नरांशी मिलन करावंच लागतं, ते पेटीच्या आत होतच नाही. तुमचं गेट तिला बाहेर जाऊच देत नाहीये. आणि त्या मोठ्या काळ्या मेलेल्या माश्या म्हणजे रोग नाही हो, ते नर आहेत. नर कामकरीपेक्षा जाड असतो, त्यामुळे तोही गेटमधून जात नाही, दुपारी उडायची वेळ झाली की दाराशी येऊन धडपडतो आणि तिथेच दमून मरतो. खात्री करायची असेल तर एक मेलेली माशी हातात घेऊन बघा, डोळे मोठे आणि डोक्यावर एकमेकांना जवळजवळ चिकटलेले, पोटाचं टोक बोथट आणि नांगी नाही. असं असेल तर नरच. म्हणजे त्या मेलेल्या माश्यांवरून आपल्याला एक चांगली गोष्ट कळली, तुमच्या भागात आत्ता नरांचा सीझन आहे, राणीचं मिलन होऊ शकतं. गेट काढल्यावर तळाची फळी खरवडून ते मेलेले नर साफ करून टाका, नाहीतर मुंग्या येतील.

आता राणी आहे की नाही. माझा अंदाज आहे की आहे, आणि हा अंदाज मी तुमच्याच पत्रातल्या तारखांवरून बांधलाय. राणीकोष बंद झाल्यापासून साधारण ७-८ दिवसांत राणी बाहेर येते. घटस्थापनेला तो बंद होता, म्हणजे कितीही उशीर धरला तरी दसऱ्याच्या आगेमागे ती बाहेर आली. तुम्ही लिहिलंय कोष टोकाला उघडा होता, हे फार चांगलं लक्षण आहे, राणी स्वतः बाहेर येते तेव्हा टोकाचं झाकण गोल कापून निघते, कधीकधी ते एका बाजूला लटकतही असतं. आतल्या राणीला दुसऱ्या राणीने मारलं असतं तर कोषाच्या कुशीला भोक दिसलं असतं. तेव्हा राणी जन्माला आली एवढं नक्की. कोजागरीला तिचं वय जास्तीत जास्त दोन आठवडे, कमीत कमी एक. बाहेर आल्यावर पहिले ५-६ दिवस ती नुसती पक्की होत असते, मग चांगलं ऊन पडलेल्या दुपारी उडते, आणि मिलनानंतर २-३ दिवसांनी अंडी सुरू करते. म्हणजे सगळं सुरळीत असतं, गेट नसतं, तरीही कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी पेटीत अंडी नसणं अगदी शक्य होतं. जुनी राणी थांबल्यापासून नवीन राणीचं पहिलं अंडं दिसेपर्यंत तीन-चार आठवडे रिकामे जातात, आणि याच काळात घाबरून चुकीचे उपाय करून चांगल्या पेट्या घालवल्या जातात. म्हणून मी एवढं लांबवून लिहितेय.

जुनी राणी कुठे गेली हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मनात असेल. एकच कोष होता आणि दाराला गेट होतं, तेव्हा स्वार्म होऊन जुनी राणी माश्या घेऊन गेली असेल असं मला वाटत नाही, स्वार्मच्या वेळी बहुतेकदा कडेला बरेच कोष दिसतात. माश्यांनी थकलेली राणी बदलली असावी. पावसाळाभर फुलोरा नसतो, राणी अंडी कमी करते किंवा बंदच ठेवते, माश्या म्हाताऱ्या होऊन मरत जातात, आणि मग ऊन पडल्यावर राणीला जोर धरता आला नाही की माश्या दुसरी तयार करतात.

आता तुम्हाला राणी दिसत का नाही. कुमारी राणी दिसायला राणीसारखी नसतेच. तिचं पोट अजून भरलेलं नसतं, कामकरीपेक्षा जेमतेम लांब, आणि एका जागी थांबत नाही, फ्रेम उचलली की त्या बाजूने या बाजूला, तिथून पेटीच्या भिंतीवर, तिथून खाली फळीवर पळते. सातेरी मुळातच घाबरट, फ्रेम हातात घेतली की माश्या झुंडीने खाली घरंगळतात आणि टोकाला घोस करून लटकतात, त्यात ती लपून जाते. वर्षानुवर्षं पेट्या बघणाऱ्यांनाही कुमारी राणी सापडत नाही. तेव्हा शोधणं आता बंद. रोज रोज पेटी उघडणं तर ताबडतोब बंद, दादा. पेटी उघडल्यावर माश्यांना आतली ऊब परत जमवायला वेळ लागतो, त्या चिडतात, आणि त्या मोठ्या आवाजातला बराचसा आवाज रोजच्या त्रासाचा आहे. सातेरीला सारखा त्रास झाला, त्यात खायला कमी, त्यात पिलावा नाही, तर ती पेटी सोडून निघून जाते, राणी असो वा नसो. तुमची भीती खरी ठरण्याची शक्यता राणीपेक्षा या उघडझाकीमुळे जास्त आहे. आणि दुपारी तर उघडूच नका, दुपारीच राणी बाहेर उडायला जाते आणि परत येते, त्या वेळी पेटीचं झाकण बाजूला, वरचा भाग उतरवलेला, तुम्ही दारात उभे, तर तिला घर ओळखू येत नाही. जे काही बघायचं ते सकाळी ९-१० च्या सुमारास, ऊन असेल तेव्हा, आणि पाच मिनिटांत.

राणीऐवजी अंडी बघायला शिका. अंडं दिसलं म्हणजे तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी राणी होती, कारण अंड्यातून तीन दिवसांनी अळी निघते. ऊन तुमच्या पाठीमागून खांद्यावरून फ्रेमवर पडेल असे उभे राहा, फ्रेम जराशी तिरपी करा, आणि घराच्या, म्हणजे पोळ्यातल्या एकेका खणाच्या, तळाशी बघा. खोबऱ्याच्या किसाचा एक बारीक तुकडा उभा ठेवावा तसं अंडं दिसतं, पहिल्या दिवशी उभं, तिसऱ्या दिवसापर्यंत आडवं होतं. जुन्या काळपट पोळ्यात चटकन दिसतं, नवीन पांढऱ्या पोळ्यात पांढऱ्यावर पांढरं, चांगली नजर असली तरी चुकतं, म्हणून मोबाईलने फोटो काढा आणि घरी जाऊन झूम करून बघा. हे मी सगळ्यांना सांगते, पेटीपण लवकर बंद होते आणि बघणंही नीट होतं. अजून एक बघा, मधल्या फ्रेमवर मधोमध घरं कशी आहेत. रिकामी, आतून चाटून पुसून चकचकीत केलेली घरं दिसली तर माश्या राणीसाठी जागा तयार ठेवतायत असं धरायचं. त्याच जागेत मध आणि पराग भरत सुटल्या असतील तर जरा काळजीचं. पराग येतोय म्हणजे राणी आहे असं पुष्कळ जण सांगतात, त्यावर विसंबू नका, राणी नसलेल्या पेटीतही पराग येत राहतो.

तरी सगळा अंदाजच झाला, खात्री कशी करायची? त्यासाठी तुमच्याकडे दुसरी जोरातली पेटी आहे हे नशीब समजा. त्या पेटीतून एक फ्रेम काढा ज्यात ताजी अंडी आणि अगदी बारीक, एक दिवसाच्या अळ्या असतील. फ्रेमवरच्या माश्या मऊ ब्रशने किंवा गवताच्या पेंढीने त्यांच्याच पेटीत परत झाडा, एकही ठेवू नका, आणि त्या पेटीची राणी या फ्रेमवर नाही ना हे दोनदा बघा, नाहीतर चांगली पेटी बिघडेल. मग ती फ्रेम या पेटीत मधोमध ठेवा, फ्रेमच्या पट्टीवर पेन्सिलने तारीख टाका, झाकण लावा. चौथ्या किंवा पाचव्या दिवशी फक्त तीच फ्रेम उचलून बघा. माश्यांना राणी नाही असं वाटत असेल तर त्या कोवळ्या अळ्यांच्या घरांपैकी काही मोठी करून, खाली तोंड असलेले राणीकोष सुरू केलेले दिसतील, सुरुवातीला ते पूर्ण लांब नसतात, पेल्यासारखी गोल वाटी आणि आत भरपूर पांढरा रस. नुसती अळी साधी वाढतेय, एकही कोष नाही, तर आत राणी आहे, विषय संपला. या टेस्टमध्ये मला सगळ्यात आवडतं ते हे की राणी असली तरी काही नुकसान होत नाही, उलट त्या उघड्या पिलाव्यामुळे माश्या जागेला बांधून राहतात, पळून जायची शक्यता कमी होते, आणि कामकरी माश्या स्वतः अंडी घालायला लागतात तेही लांबतं.

दुसऱ्या पेटीची अख्खी फ्रेम काढून द्यायची हिंमत होत नसेल तर अंडी-अळ्यांचा तळहाताएवढा तुकडा धारदार सुरीने कापून, या पेटीतल्या एका फ्रेमवर तेवढीच जागा कापून बसवा आणि केळीच्या सोपटाने बांधा, माश्या स्वतःच चिकटवून घेतात. वरची बाजू वरच राहील एवढं बघा, घरांचा उतार उलटा झाला तर माश्या ते सांभाळत नाहीत. पण फ्रेम देण्याआधी दुसऱ्या पेटीतला पिलावा निरोगी आहे ना ते बघा. अळ्या घरात ताठ, टोक वर करून मेलेल्या, ओढल्यावर पाण्याच्या पिशवीसारख्या निघणाऱ्या दिसल्या तर तो थाई सॅकब्रूड, व्हायरसचा रोग आहे. १९९१-९२ मध्ये दक्षिणेत याच रोगाने सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या होत्या, त्यामुळे शंका जरी आली तरी त्या पेटीतून फ्रेम हलवायची नाही.

म्हणजे आता तुमचं वेळापत्रक असं. गेट आज बाहेर. उद्या किंवा परवा सकाळी टेस्ट फ्रेम. त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी ती एक फ्रेम बघणं. कोष नसतील तर मग वसुबारसेपर्यंत त्या पेटीतल्या फ्रेमना हात लावायचा नाही, रोज संध्याकाळी पाक ठेवायचा आणि लांबून दाराकडे बघायचं तेवढं. वसुबारसेला बघताना टेस्ट फ्रेम सोडून बाकीच्या फ्रेमवर बघायचं, म्हणजे ती अंडी तुम्ही आणलेली नाहीत हे कळेल. मधल्या एखाद्या फ्रेमवर हाताच्या पंजाएवढ्या भागात, एका घरात एक, तळाच्या मध्यावर, अशी अंडी दिसली की राणी कामाला लागली. नवीन राणी पहिल्या काही दिवसांत कधीकधी एका घरात दोन अंडी घालते, तेवढ्याने घाबरू नका. त्यानंतर आठवडा-दहा दिवसांनी परत बघा, पिलाव्याची झाकणं सपाट असतील तर मिलन नीट झालंय.

झाकणं सपाट नसून फुगीर, उंच, गोळीसारखी असतील, तीही कामकरीच्या लहान घरांवर, तर तिथे नर तयार होतायत. सातेरीत नराच्या झाकणाला मधोमध सुईच्या टोकाएवढं भोकही दिसतं, त्यावरून ओळख पक्की होते. सगळा पिलावाच असा असेल तर राणीचं मिलन झालेलं नाही. तुमचं गेट काही काळ लावलेलं होतं त्यामुळे ही शक्यता मी सोडून देत नाही. बाहेर आल्यापासून तीन-चार आठवडे मिलन झालं नाही की राणीची ती वेळ निघून जाते, मग ती नुसती नरांची अंडी घालत बसते. पण तुमच्या तारखा बघता अजून दिवस आहेत, म्हणून गेटची एवढी घाई करतेय. तसं झालंच तर ती राणी शोधून काढावी लागेल (अंडी घालायला लागलेली राणी सापडणं सोपं जातं) आणि मग काका म्हणतात तसं एकत्रीकरण.

आता टेस्ट फ्रेमवर राणीकोष दिसलेच तर. म्हणजे उडायला गेलेली राणी परत आली नाही, किंवा रोज रोज फ्रेम वरखाली करताना दबली. वेडा राघू आणि कोतवाल या दिवसांत पेट्यांसमोर तारेवर बसून असतात, राणीही त्यांच्या तावडीत सापडते, त्याला आपण काय करणार. अशा वेळी तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. माश्या भरपूर असतील, चार फ्रेम तरी दोन्ही बाजूंनी झाकलेल्या असतील, तर तेच कोष वाढू द्या, चांगले लांब दोन ठेवा, बाकीचे मोडा, आणि आठवड्याने दुसऱ्या पेटीतून बंद पिलाव्याची एक फ्रेम द्या म्हणजे नव्या माश्यांचा जोर राहील. पण पुन्हा तीन-साडेतीन आठवडे थांबायची तयारी ठेवा. माश्या दोन फ्रेमवर आल्या असतील तर माझं स्पष्ट मत, थांबू नका, एकत्र करा. एवढ्याशा माश्या ना पिलावा उबदार ठेवू शकत, ना मेणकिड्याला हाकलू शकत.

एकत्र कसं करायचं ते थोडक्यात. दोन्ही पेट्या लांब असतील तर रोज संध्याकाळी दोन-अडीच फूट सरकवत जवळ आणा, एका दमात उचलून दुसरीकडे ठेवली तर चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागेवर येऊन घुटमळतात. मग संध्याकाळी, सगळ्या माश्या घरात आल्यावर, राणी असलेल्या पेटीच्या वर एक साधा वर्तमानपत्राचा कागद पसरा, सुईने चार-सहा भोकं पाडा, वरून साखरेच्या पाकाचा हात फिरवा, आणि त्यावर बिनराणीची पेटी ठेवा. त्याआधी बिनराणीच्या पेटीतले सगळे राणीकोष मोडलेले पाहिजेत. दोन्हीकडच्या माश्या कागद कुरतडतात, तोपर्यंत वास एक होतो, भांडण होत नाही. दारासमोर कागदाचा चुरा पडायला लागला की काम झालं समजा, दोन-तीन दिवसांनी फ्रेम आवरून एका पेटीत घ्या. काकांचा सल्ला चुकीचा नाही, फक्त आज लागू नाही. आत कुमारी राणी असताना तुम्ही कागद टाकून पेट्या एक केल्या तर दोन राण्यांची गाठ पडेल आणि त्यात कदाचित तुमची चांगली, अंडी देणारी राणीच मरेल.

आणि ऑनलाईन राणी, ते तर अजिबात नको. एक तर आत राणी असताना बाहेरची सोडली तर तिला माश्या मारतात. दुसरं, आणि हे ग्रुपवर कुणी सांगत नाही, विकत मिळणाऱ्या राण्या बहुतेक मेलीफेराच्या, म्हणजे परदेशी मधमाशीच्या असतात. मेलीफेरा आणि सातेरी या दोन वेगळ्या जाती आहेत, आंबा आणि काजूची कलम लागत नाही तितकंच हे, सातेरीच्या माश्या तिला स्वीकारून वसाहत चालवणार नाहीत. कधी राणी द्यायची वेळ आलीच तर ती सातेरीचीच, तुमच्याच भागातल्या हवेची, ओळखीच्या मधपाळाकडची, आणि जाळीच्या राणीपिंजऱ्यात २-३ दिवस ठेवून मग सोडलेली. तुम्हाला शिकवलेल्या मास्तरांना महाबळेश्वरला फोन करून विचारा, आसपास कुणाकडे जादा राणीकोष आहेत हे तिथल्या लोकांना बरोबर माहीत असतं.

एक वाईट शक्यता सांगून ठेवते, तुमच्या पेटीत ती आलेली नाही पण ओळखता यायला हवी. राणी नाही आणि उघडा पिलावाही नाही असं लांबलं की काही कामकरी माश्या स्वतःच अंडी घालायला लागतात, सातेरीत हे मेलीफेरापेक्षा लवकर होतं. एका घरात तीन-चार-पाच अंडी, काही तळाला न घालता भिंतीला चिकटवलेली, काही तर परागावर, इकडे तिकडे विखुरलेली, कारण कामकरीचं पोट तळापर्यंत पोचत नाही. त्यातून फक्त नर निघतात, तेही बारीक चणीचे. अशा पेटीला राणी दिली तर बहुतेक वेळा मारतात. तिथे हट्ट करून उपयोग नाही, ऊन असताना त्या पेटीतल्या माश्या चांगल्या पेट्यांपासून थोड्या अंतरावर गवतावर झाडून टाकायच्या आणि रिकामी पेटी उचलून न्यायची, पोटात मध असलेल्या कामकरी माश्या हळूहळू शेजारच्या पेट्यांत शिरतात आणि तिथे त्यांना घेतलं जातं. तुमची टेस्ट फ्रेम ही वेळ यायला अडवते म्हणून तर ती आधी द्यायला सांगितली.

खाण्याकडे बघा. बाहेर फुलोरा दिसत असला तरी या पेटीत कमावणाऱ्या माश्या कमी आहेत. साखर आणि पाणी समसमान, कोमट करून, गार झाल्यावर संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा, वाटीत काड्या टाका म्हणजे माश्या बुडत नाहीत, सकाळपर्यंत संपेल एवढाच द्या. थेंबही बाहेर सांडू देऊ नका, नाहीतर जोरातली पेटी या पेटीवर लूट करायला येईल. दार लहान करा, दोन-तीन माश्या एका वेळी जातील एवढं, लाकडाच्या पट्टीने करा, गेटने नाही. गांधील माश्या आत्ता फार असतात, लहान दार राखणं माश्यांना सोपं जातं. माश्यांनी न झाकलेली रिकामी पोळी बाहेर काढून ठेवा, मेणकिडा तिथूनच सुरू होतो, जाळी धरली की त्या पोळ्यातून काही राहत नाही.

दोन्ही पेट्या अगदी सारख्या रंगाच्या, सारख्या तोंडाच्या, एकमेकींना खेटून असतील तर दारावर वेगवेगळ्या रंगाचा पट्टा मारा. एकीवर निळा, दुसरीवर पिवळा. उडून परतणारी राणी चुकून शेजारच्या पेटीत शिरली तर तिथल्या माश्या तिला सोडत नाहीत. पेटी आत्ता हलवू मात्र नका, रंग पुरे.

वसुबारसेला काय दिसलं ते कळवा, फोटो पाठवला तर बरं. पाठवताना फ्रेमचा मधला भाग जवळून घ्या, माश्या फुंकर मारून नका हटवू, त्या चिडतात, हाताचं बोट हळूच पुढे नेलं की सरकतात. आणि हो, जोरातल्या पेटीलाही पावसाळ्यात गेट लावलं असेल, पत्रात त्याचं काही लिहिलं नाहीये, लावलं असेल तर तेही आजच काढा, तिथले नर बाहेर पडले तर तुमच्या या राणीच्याच भागात उडणाऱ्या नरांत भर पडेल.